कोणते अण्णा खरे?

यंदा आमच्या दारात आकाशकंदील लागायचा नाही. ह्यांना जाऊन वर्ष पुरे व्हायचे आहे. तेव्हा घरी कढई चढणार नाही. फराळाचे डबे मात्र नणंदांकडून नि शेजारणींकडून येतील. शोकाच्या घरात सण नको, पण मुलांची तोंडे कोरडी राहू नयेत, ही सोय आपल्या मागल्यांनी मोठ्या समजुतीने करून ठेवली आहे. एका प्रश्नाची सोय मात्र त्यांनी केलेली दिसत नाही. गेलेल्या माणसाला आठवायचे ते कोणत्या रूपात?

हे भुसार मालाच्या अडतीवर दिवाणजी होते. लक्ष्मीपूजनाला पेढीवरच्या वह्या पुजून झाल्या की घरी येऊन घरखर्चाचीही एक नवी वही काढायची, हा ह्यांचा नेम. पहिल्या पानावर कुंकवाचे बोट, मधोमध 'श्री', आणि खाली पणत्या-तेलाचा पहिला खर्च. श्रावणात कपाट आवरताना अशा २३ वह्या निघाल्या. पहिल्या अकरा वह्यांतले अक्षर टपोरे, एका ओळीत चालणारे. बाराव्या वहीपासून ते बारीक होत गेले आहे. शेवटच्या वहीतला 'श्री' मुंगीएवढा आहे.

ह्यांना कंपवात होता. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन ह्या डॉक्टरांनी सहा रोग्यांवरून ह्या दुखण्याचे वर्णन लिहिले, म्हणून पुढे त्याला त्यांचे नाव पडले. मेंदूतल्या काही पेशी झिजतात, डोपामिन नावाचे द्रव्य कमी पडते आणि शरीर हळूहळू ताठरत जाते. नुसता हात कापतो असे नाही. अक्षर आक्रसते, आवाज बारीक होतो, आणि चेहऱ्याचे स्नायू आखडल्यामुळे आत हसू असले तरी बाहेर उमटत नाही. बारा वर्षे आम्ही हे पाहिले.

थोरला म्हणाला, "आई, पहिल्या वह्या ठेवू. ह्या रद्दीत देऊन टाक. मला अण्णा आठवायचे आहेत ते सायकलच्या दांडीवर बसवून नदीवर पोहायला नेणारे. तो आजार म्हणजे अण्णा नव्हेत."

धाकटी तोवर गप्प होती. तिने त्या शेवटच्या वह्या ओढून मांडीवर घेतल्या आणि म्हणाली, "मग माझे अण्णा कुठले?"

दुखणे सुरू झाले तेव्हा ती वर्षाची होती. सायकलवरचे अण्णा तिने पाहिलेच नाहीत. तिचे अण्णा खुर्चीत बसलेले. त्यांचे बोट वाटीवर वाजले की ते हसले, हे घरात सर्वांआधी तिला कळे. मी शिक्षिका; प्रश्न आला की उत्तर देण्याची सवय. पण तिथे मला उत्तर सुचले नाही.

समाचाराला येणारी माणसेही थोरल्यासारखेच सांगत होती : शेवटचे दिवस विसरा, चांगले तेवढे आठवा. भिंतीवर तसबीर लावायची तीही चांगल्या दिवसांतली. ह्यात माया आहे, हे मला कळते. पण वाचकहो, ह्या वह्या रद्दीत जाव्यात असे क्षणभर मलाही वाटले होते, आणि खरे सांगायचे तर ते ह्यांच्या मायेपोटी नव्हे. त्या वर्षांत मीही आहे. शाळेची वेळ होत आली असता ह्यांना एकेका घासाला लागणारा वेळ सोसवेना, म्हणून ताट आदळणारी मी. हे गेले त्या पहाटे रडू येण्याआधी मला सुटल्यासारखे वाटले होते. ते आजवर कुणाला सांगितले नाही. आजारी माणसाला विसरू पाहताना मी माझ्यातल्या त्या बाईला विसरू पाहत होते.

सुटकेचा तो श्वास पाप होता काय, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. बारा वर्षे वाहिलेले ओझे उतरल्यावर खांदा हलका होतो, हा खांद्याचा धर्म आहे. त्यावरून माया नव्हती असे ठरत नाही. ताट आदळले ते मात्र चुकले. त्याची क्षमा मागायला आता माणूस नाही. निदान ते खोडून तरी टाकू नये.

रेव्हरंड टिळक १९१९ साली वारले. पुढे मुलाने, देवदत्ताने, वडिलांच्या चरित्रासाठी आईकडे आठवणी मागितल्या. त्या लक्ष्मीबाईंच्या आठवणींची 'स्मृतिचित्रे' झाली. त्यांत टिळकांचा तापटपणा आहे, लहर आहे, संसाराची ओढाताण आहे. तरी पुस्तक मिटताना त्या माणसाचा लळा लागलेला असतो. बाईंनी मुलाला अख्खा बाप दिला.

थोरल्यावरही मला अन्याय करायचा नाही. तो दहा वर्षांचा असतानाच त्याचे अण्णा थोडेथोडे जाऊ लागले. माणूस घरात बसलेला, म्हणून त्याच्या समाचाराला कोणी आले नाही. त्याचे दुःख आमच्यापेक्षा बारा वर्षांनी जुने आहे. ते कुठेतरी संपावे, एवढेच तो मागत होता.

शेवटी २३ वह्या एकाच फडक्यात बांधून ठेवल्या. गाठ थोरल्याने मारली.

राहता राहिली यंदाची वही. सण नसला तरी घरखर्च थांबत नाही. 'श्री' धाकटी काढणार आहे. तिचे अक्षर फार बारीक. कितीदा तरी मी तिच्या शाळेच्या वहीत लाल शाईने लिहिले असेल, "अक्षर मोठे काढावे." ते तसे कुठून आले, हे ह्यांच्या वह्या उघडल्यावर मला कळले. ह्यांच्या खुर्चीशी बसून, ह्यांच्या अक्षरावरून तिने मुळाक्षरे गिरवली होती.

यंदा मी ते अक्षर सुधारणार नाही.