घाटातला रस्ता आणि पहिला पाऊस

जंगलातून रस्ता जायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: झाडं किती जाणार? आकडा जाहीर होतो, त्यावर दोन्ही बाजूंनी भांडण होतं आणि दुसरीकडे कुठेतरी कित्येक पट झाडं लावण्याचं आश्वासन देऊन विषय मिटतो. हा प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. रस्त्याखाली जाणारी जमीन तशी थोडीच असते. खरी किंमत रस्ता झाल्यानंतर, त्याच्या दोन्ही कडांना, पुढची कित्येक वर्षं हप्त्याहप्त्यानं वसूल होत राहते.

सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढताना हे डोळ्यांनी पाहता येतं. वेंगुर्ल्याच्या बंदरातून बेळगावच्या छावणीला रसद नेण्यासाठी इंग्रजांनी ही वाट वापरली. आंबोली हे त्या वाटेवरचं मुक्कामाचं ठिकाण. तेव्हा इथला रस्ता नवा नाही आणि 'जंगलात रस्ताच नको होता' असं म्हणण्यात आज काही अर्थ नाही. पण अरुंद रस्ता आणि रुंद रस्ता या जंगलाच्या दृष्टीनं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अरुंद रस्त्यावर दोन्हीकडच्या फांद्या वर एकमेकींत गुंतलेल्या असतात. शेकरूला तेवढं पुरतं. ते सहसा जमिनीवर उतरत नाही, फांदीवरून फांदीवर झेप घेत फिरतं, आणि वरचं छत शाबूत असेल तर खाली डांबर आहे की पालापाचोळा याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. रुंदीकरणात कडेची एक ओळ तोडली की हे छत फाटतं. कागदावर गेलेली झाडं मोजकीच, पण शेकरूच्या लेखी जंगलाचे दोन तुकडे झालेले असतात.

छत फाटल्यावर ऊन आणि वारा आत शिरतात. सदाहरित जंगल सावलीवर आणि ओलाव्यावर उभं असतं. कडेचा पट्टा तापला की तिथली शेवाळं, नेचे, आमरी सुकू लागतात आणि मोकळ्या झालेल्या मातीत रानमोडी आणि घाणेरी घुसतात. या दोन्ही वनस्पती परदेशातून आलेल्या. त्यांना ऊन आणि उकरलेली जमीन एवढंच हवं असतं, आणि साइडपट्टीवर दोन्ही आयतं मिळतं. सावलीत वाढलेले पक्षी या उजेडाला बिचकतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या अभ्यासांत दिसलं, की जंगलाच्या तळाशी वावरणारे काही पक्षी अरुंद कच्च्या रस्त्याची मोकळी पट्टीसुद्धा ओलांडायचं टाळतात. उडता येत असून!

ॲमेझॉनचा विषय निघालाच आहे तर तिथला एक आकडा सांगायला हवा. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार तिथली जवळपास 95 टक्के जंगलतोड रस्त्यांपासून साडेपाच किलोमीटरच्या किंवा नद्यांपासून एका किलोमीटरच्या आत झालेली आहे. शिवाय सरकारी रस्त्याच्या प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे तीन किलोमीटर बेकायदा फाटे फुटलेले. आपल्या घाटात एवढं मोकळं रान कुणालाच मिळत नाही, त्यामुळे हा आकडा तसाच्या तसा इकडे लावू नये. पण फाटे फुटतातच. आधी चहाची टपरी, मग कणसांची गाडी, मग दरीकडचा नजारा दाखवणारी 'रिसॉर्ट'ची पाटी. मागाहून वेफर्सच्या पाकिटांवर जगायला शिकलेली माकडं.

जूनच्या पहिल्या जोरदार सरींनंतर रात्री घाटमाथ्यावरच्या रस्त्यानं टॉर्च घेऊन चालावं. ओल्या डांबरावर बेडूक येऊन बसलेले असतात. गाडीचा उजेड पडला की ते पळत नाहीत, अंग चोरून जागच्या जागी बसतात, आणि चाकाला तेवढंच हवं असतं. टायरच्या पट्ट्यात कातडी डांबराला चिकटलेली, एखादा पाय अजून हलतोय, शेजारी दुसरा बेडूक मादीच्या शोधात ओरडतोय. उजाडल्यावर कावळे येतात, पाऊस पडतो, रस्ता धुऊन निघतो. दहाच्या सुमाराला धबधबा पाहायला आलेल्या माणसाला काही दिसत नाही. वाघ मेला तर दुसऱ्या दिवशी बातमी येते. 2017 च्या डिसेंबरात बोर व्याघ्र प्रकल्पातला 'बाजीराव' वाघ नागपूर-अमरावती महामार्गावर गाडीच्या धडकेत मेला, तेव्हा महाराष्ट्रभर हळहळ झाली. बेडकांची बातमी सकाळपर्यंत टिकत नाही.

आणि हे बेडूक कोणते? आंबोलीचा अंगठ्याएवढा पिवळट भेक, ज्याला अभ्यासक 'आंबोली टोड' म्हणतात, तो आंबोलीच्या परिसराबाहेर सापडत नाही. त्याची प्रजाती म्हणून नोंद झाली तीसुद्धा 2009 साली. जांभ्याच्या सड्यावर पहिल्या पावसाची जी उथळ डबकी साचतात त्यांत तो अंडी घालतो, आणि त्याचा मिलनाचा काळ मोजक्या दिवसांत आटोपतो. जातीचं वर्षभराचं भवितव्य त्या दिवसांत ठरतं, आणि नेमका तोच पहिल्या पावसाचा 'वीकेंड' असतो. दुसरं उदाहरण देवगांडुळाचं. बिनपायाचा, मातीत राहणारा हा उभयचर पाहून माणसं त्याला साप समजतात आणि ठेचतात. आंबोलीच्याच नमुन्यांवरून 2003 साली एका देवगांडुळाचं वर्णन झालं आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जे. सी. डॅनियल यांचं नाव त्याला दिलं गेलं. मुसळधार पावसात जमीन तुडुंब भरली की तो वर येतो, आणि वर येऊन सपाट जागा मिळाली तर ती रस्त्याची असते.

पाण्याची गोष्ट आणखी वेगळी. घाट रुंद करायचा तर डोंगराची बाजू कापावी लागते आणि निघालेला मुरूम-दगड कुठेतरी टाकावा लागतो. स्वस्तातली जागा म्हणजे दरी. पोकलेननं राडारोडा कठड्यापलीकडे ढकलला की कागदोपत्री काम संपतं, खालच्या ओहोळाचं सुरू होतं. गाळ बसलेल्या ओहोळात दगडांखाली राहणारे लहान मासे टिकत नाहीत. आंबोलीला उगम पावणाऱ्या हिरण्यकेशीत 2020 साली माशाची एक नवी प्रजाती नोंदली गेली आणि तिच्यासाठी 2021 मध्ये राज्य सरकारनं तिथल्या तळ्याला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. एका बोटभर माशासाठी जागा राखून ठेवायची आणि तशाच ओहोळांवर वरून मुरूम ओतायचा, हे एकाच राज्यात बिनदिक्कत चालतं. मोऱ्यांचंही तेच. पाइप मोरीतून पाणी वेगानं खाली आदळतं, मोरीच्या तोंडाशी खड्डा पडतो, आणि काही वर्षांनी पाइप हवेत लोंबकळल्यासारखा दिसू लागतो. पाणी उतरतं, मासा वर चढू शकत नाही. कापलेला डोंगर दरवर्षी दरड सोडतो तो भाग आपल्याला कळतो, कारण तेव्हा आपली गाडी अडते.

याचा उपाय म्हणून हल्ली पेंचचं नाव घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. मनसर ते खवासा या टप्प्यात महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. न्यायालयीन लढाईनंतर तिथं वन्यप्राण्यांना खालून जाता यावं म्हणून नऊ ठिकाणी रस्ता उचलला गेला. त्यातला सर्वांत लांब भुयारी मार्ग 750 मीटरचा आहे. भारतीय वन्यजीव संस्थेनं 2019 मध्ये तिथं कॅमेरे लावले तेव्हा वाघासह 18 जातींचे प्राणी त्या मार्गांनी जाताना टिपले गेले. खर्च करायची तयारी असली की काय होतं, याचा हा नमुना. पण पेंच म्हणजे सपाट, पानगळीचं जंगल, आणि तिथले मुख्य उमेदवार मोठे, रस्ता शोधून काढणारे. शेकरू भुयारातून जाणार नाही. देवगांडूळ तर नाहीच. केरळ-तामिळनाडूच्या सीमेजवळ वालपराईत सिंहपुच्छ माकडांसाठी झाडांमध्ये दोरांचे पूल बांधले आहेत, युरोपात बेडकांसाठी रस्त्याखालून छोटे बोगदे आणि कडेला बुटकी कुंपणं घालतात. प्रत्येक प्राण्याची तऱ्हा वेगळी, तसा उपायही वेगळा. एक पूल बांधून पत्रकार परिषद घेतली की घाट सुटत नाही.

म्हणून मला बंदीपूर जवळचं वाटतं. कर्नाटकात बंदीपूरमधून जाणाऱ्या महामार्गावर 2009 पासून रात्री 9 ते सकाळी 6 वाहतूक बंद असते; रुग्णवाहिका आणि मोजक्या बसगाड्यांना मुभा आहे. काँक्रीट लागत नाही, झाड तोडावं लागत नाही. वायनाडकडच्या लोकांची त्याविरुद्ध तक्रार आहे, आणि ती खोटी नाही. रात्रीचा माल आणि रात्रीचा प्रवास लांबच्या वाटेनं न्यावा लागतो.

आपल्याकडे या चर्चेत नेहमी धनगरवाड्यातला आजारी माणूस पुढे केला जातो. सह्याद्रीच्या कड्यांवरच्या वाड्यांमधून आजही आजाऱ्याला डोलीत घालून खाली आणावं लागतं हे खरं आहे, आणि त्या वाडीला गाडी जाईल असा रस्ता मिळायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. पण त्याच्या नावावर चौपदरीकरण मागणाऱ्याचं मागणं वेगळं असतं. वाडीला हवी आहे बारमाही वाट, आणि तिच्यासाठी चार मार्गिका लागत नाहीत. दोन्ही मागण्या एकाच 'विकास' या डब्यात भरल्या की पहिली दुसरीची ढाल होते.

आंबोलीच्या माथ्यावरचा रस्ता पहिल्या पावसाच्या आठवड्यात रात्री अकरा ते पहाटे पाच बंद ठेवावा, एवढंच सुचवण्याचं धाडस मी तिथल्या एका दुधाच्या टेम्पोवाल्यापुढे केलं. मला वाटलं तो चिडेल. त्यानं थोडा विचार केला आणि आपल्या दुधाची वेळ आठ दिवस अलीकडे-पलीकडे करता येईल, असं म्हणाला. मग त्यानं विचारलं, "माझी गाडी मी थांबयतंय, पण शनिवारी रात्री कोल्लापुरच्या, पुण्याच्या गाड्यो येतत, त्यांका कोण अडवतलो?"