रेणू आणि त्याचा शेजार

भद्रावती, वरोरा, चंद्रपूर या पट्ट्यात ‘सिकलसेल’ म्हणजे काय हे फारसे समजावून सांगावे लागत नाही. तपासणीच्या वेळी मुलाच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतात, परीक्षानळीतल्या द्रावणात मिसळतात आणि थोड्या वेळाने नळी काळ्या रेघांच्या कागदासमोर धरतात. रेघा आरपार दिसल्या तर चिंता नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर नमुना पुढच्या तपासणीला जातो. हा गढूळपणा कशाचा, हे कळायला विज्ञानाला अर्धे शतक लागले, आणि त्या शोधात ‘आजाराचे कारण’ म्हणजे नेमके काय, याविषयीची समजच बदलत गेली.

शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी पाहिल्या आणि १९१० साली त्यांचे वर्णन छापले. दोष पेशीत आहे, असेच तेव्हा वाटणार. मग १९२७मध्ये हान आणि गिलेस्पी यांनी दाखवले, की ऑक्सिजन काढून घेतला की पेशी वाकतात, परत दिला की गोल होतात. कायमचे व्यंग असे वागत नाही. ऑक्सिजन वाहून नेणारे प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन, तेव्हा संशयाची सुई तिकडे वळली. लायनस पॉलिंग आणि त्यांचे विद्यार्थी हार्वे इटानो यांनी सहकाऱ्यांसह हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात सोडून पाहिले. निरोगी माणसाचे एका वेगाने सरकले, रुग्णाचे दुसऱ्या, आणि वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकार सापडले. १९४९च्या त्यांच्या लेखाने या आजाराला ‘रेणूचा आजार’ म्हटले. वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे ठरवणारी आजची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी याच तत्त्वावर चालते.

पुढे १९५६-५७मध्ये व्हर्नन इनग्राम यांनी चूक अचूक टिपली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेले होते. एवढा लहान फरक, आणि त्यामुळे मुलाचे सांधे ठणकतात, प्लीहा वाढते, रक्त चढवावे लागते. कारण सापडले होते. मला मात्र या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग याच्या पुढचा वाटतो.

एक तर हा आजार एव्हाना आपल्याकडेही आढळू लागला होता. १९५२मध्ये निलगिरीच्या आदिवासींत त्याची नोंद झाली, १९५८मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या वाहकांवर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४मध्ये आफ्रिकेत दाखवले होतेच; चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांनी मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. दुसरे असे, की सहाव्या जागची तीच चूक असलेल्या दोन मुलांपैकी एकाच्या दवाखान्याच्या वाऱ्या संपत नाहीत आणि दुसरे शाळा बुडवत नाही. कारण जर तेच, तर परिणाम वेगळा का?

उत्तर चुकीच्या भोवताली होते. ऑक्सिजन सोडल्यावर बिघडलेले हिमोग्लोबिन आपल्या व्हॅलिनच्या टोकाने शेजारच्या रेणूच्या खाचेत अडकते. असे थोडे रेणू जमून एक बीज तयार झाले, की मग भराभर धागे वाढतात. बीज तयार होईपर्यंत थोडा वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात पेशी बारीक केशवाहिनीतून निसटून फुप्फुसाकडे वळली तर ती वाकतच नाही. १९७४मध्ये हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी दाखवले, की हा वेळ हिमोग्लोबिन किती दाट आहे यावर विलक्षण अवलंबून असतो, जवळपास तिसाव्या घाताने. म्हणजे पेशीतले पाणी जरासे कमी झाले, की ही सवड कितीतरी पटींनी आखडते.

आता हे सूत्र मे महिन्यातल्या भद्रावतीत आणून ठेवा. पारा ४५च्या पुढे, कोळसा खाणींचा आणि वीटभट्ट्यांचा परिसर. त्यातच सिकलसेलच्या रुग्णाची मूत्रपिंडे लघवी दाट करू शकत नाहीत, त्यामुळे शरीरातले पाणी भरभर जाते. ‘पाणी भरपूर पी, उन्हात जाऊ नको’ हा आरोग्यसेविकेचा सल्ला थेट त्या तिसाव्या घाताशी जाऊन भिडतो. तो ज्याला पाळताच येत नाही अशा मजुराला कामावर सावली आणि पाणी मिळणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

बीज आणि धागे यांची हीच रीत अवयवांत साठे जमणाऱ्या अ‍ॅमिलॉइडोसिस या आजारातही दिसते. १८५४मध्ये फिरखो यांना त्या साठ्यात पिष्टासारखा पदार्थ दिसला होता. पाच वर्षांत तो प्रथिनाचा निघाला आणि १९५९मध्ये कोहेन व कॅल्किन्स यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे धागे दिसले. तिथे प्रथिनाची घडीच उलगडते आणि साठा सहजी विरघळत नाही. सिकलचे धागे ऑक्सिजन परतताच विरतात. पण असे साठे करणाऱ्या ट्रान्सथायरेटिन या प्रथिनाचे चार तुकडे सुटू नयेत म्हणून त्याला बांधून ठेवणारे टॅफामिडिस हे औषध निघाले, तेव्हा तिथेही हेच ध्यानात घेतलेले होते: धागा धरण्याआधी थांबवायचे.

सिकलसेलमध्ये थांबवण्याचे काम गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन करते. ते धाग्यात शिरत नाही, म्हणूनच तान्ह्या बाळाला पहिले काही महिने त्रास नसतो. जॅनेट वॉटसन यांनी हे १९४८मध्येच सुचवले होते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध ते पुन्हा वाढवते. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी किलोमागे १० मिलिग्रॅम एवढ्या कमी मात्रेतही त्रासलेल्या मुलांना फायदा होतो, हे २०१२मध्ये दाखवले. २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेली जनुकसंपादनाची उपचारपद्धतीसुद्धा सहाव्या जागची चूक दुरुस्त करत नाही, गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनवरचा लगामच सैल करते. अमेरिकेत तिची किंमत २२ लाख डॉलर आहे. डिसेंबर २०२२मध्ये चंद्रपूरच्या हिमोग्लोबिनविकार संशोधन केंद्राचे लोकार्पण झाले, जुलै २०२३मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीमही सुरू झाली. या दोहोंकडून माझी पहिली अपेक्षा साधी आहे: हायड्रॉक्सियुरियाची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात बाराही महिने मिळावी, आणि ती घेणाऱ्या मुलाची रक्ततपासणी ठरल्या वेळी व्हावी.