सेवेला निघालेल्यांचा रस्ता

पदवी घेऊन समाजाच्या कामासाठी परक्या जिल्ह्यात निघालेल्या तरुणाने वाटेत स्वतःच्या जिवाची काळजी किती करावी आणि त्याला तिथे धाडणाऱ्याने किती करावी, हा प्रश्न वरवर पाहता एसटीच्या वेळापत्रकाचा वाटतो. त्याच्या तळाशी कर्मविचारातला एक जुना पेच आहे. फळाची आशा सोडून काम करायचे, तर धोक्याचा हिशेब मांडणे त्या निष्कामतेत बसते का?

पुण्यात आणि विशेषतः कोथरूडसारख्या शिकल्यासवरलेल्यांच्या उपनगरात हा पेच घरोघरी येतो. सरकारी आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून एमबीबीएस झालेल्यांना महाराष्ट्रात एक वर्ष बंधपत्रित सेवा करावी लागते. ती न केल्यास १० लाख रुपये भरावे लागतात. ससूनच्या आवारातल्या बी. जे. महाविद्यालयातून बाहेर पडलेली कोथरूडची मुलगी या नियमाने नंदुरबारच्या अक्कलकुव्यात किंवा गडचिरोलीच्या भामरागडात रुजू होऊ शकते. काही जण बंधपत्राशिवाय, स्वखुशीने जातात. अभय आणि राणी बंग यांनी २००६ साली सुरू केलेल्या ‘निर्माण’ने अशा तरुणांना वाट दाखवली. सक्तीने जाणारे आणि स्वखुशीने जाणारे, दोघांनाही प्रवास मात्र तोच करावा लागतो. नागपूरपर्यंत सातशे किलोमीटरच्या आसपास, तिथून गडचिरोली आणखी पावणेदोनशे, मग आलापल्ली, मग भामरागड.

सर्वच तरुणांना अशी सेवा सक्तीची करावी, हा विचार भारतात एकदा गांभीर्याने झाला होता आणि त्याच्या केंद्रस्थानी एक मराठी माणूस होता. १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शालेय शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रसेवा सुचवली. खर्च मोठा होता आणि ती सूचना मागे पडली. पुढे २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली ती ऐच्छिक स्वरूपात. नायजेरियाने दुसरी वाट धरली. यादवी युद्धानंतर, १९७३ मध्ये, तिथे पदवीधरांना एक वर्ष बहुधा स्वतःच्या राज्याबाहेर सेवा बंधनकारक झाली. वेगवेगळ्या जमातींच्या तरुणांनी एकमेकांचा मुलूख पाहावा हा त्यामागचा हेतू, आणि त्यामुळेच बसचा लांबचा प्रवास त्या योजनेचा अटळ भाग होऊन बसला. आपल्याकडे सक्ती राहिली ती मुख्यतः डॉक्टरांपुरती. म्हणून नैतिक प्रश्न इथे अधिक टोकदार होतो: सक्तीने पाठवलेल्याचा रस्ता कोणाच्या जबाबदारीचा?

आधी निष्कामतेचे पाहावे. सेवेला निघालेल्याने सोय पाहू नये, मिळेल त्या गाडीने निघावे, पुढचे देवावर सोपवावे, अशी एक समजूत आपल्याकडे घट्ट आहे आणि तिला गीतेचा आधार दिला जातो. हा आधार टिकत नाही. गीता फळावरचा हक्क सोडायला सांगते. परिणामांकडे डोळेझाक करायला कुठेही सांगत नाही. उलट अठराव्या अध्यायात कर्माचे तीन प्रकार सांगताना, परिणाम, हानी, दुसऱ्याला होणारी इजा आणि स्वतःची कुवत यांचा विचार न करता मोहाने आरंभलेल्या कर्माला तामस म्हटले आहे. त्याच अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारचे प्रयत्न आणि शेवटी दैव. दैव पाचवे आहे. पहिली चार जागेवर असल्यावाचून पाचव्याकडे बोट दाखवणे हा श्रद्धेचा आव आहे, श्रद्धा नव्हे. लोकमान्य टिळकांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त योग म्हणजे कर्म करण्याची युक्ती, कौशल्य, असा अर्थ लावलेला आहे. तो अर्थ मानला, तर उजेडात पोचणारी गाडी निवडणे हे कर्मयोगाच्या बाहेरचे राहत नाही.

या युक्तिवादाला कोथरूडच्याच भूमीतून एक हरकत येऊ शकते. धोंडो केशव कर्वे यांच्या नावाचा रस्ता कोथरूडमधून जातो आणि त्यांचा पुतळा इथल्या बसप्रवाशांच्या रोजच्या बोलण्यात थांब्याचे नाव म्हणून येतो. सतराव्या वर्षाच्या सुमारास कर्वे मुरुडहून साताऱ्याला परीक्षेसाठी शंभराहून अधिक मैल पायी गेले, सह्याद्री ओलांडून. आणि वय कमी दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. पुढे फर्ग्युसनमधली शिकवणी संपवून ते हिंगण्याच्या आश्रमात पायी जात. आजचे कर्वेनगर तेव्हा गावाबाहेरचे माळरान होते आणि पावसाळ्यात वाट चिखलाची. अण्णा कर्व्यांनी हे सोसले, तर आजच्या मुलांनी शिवशाहीतल्या दहा-बारा तासांचे कौतुक का सांगावे?

या उदाहरणातला निर्णायक भाग बहुतेकदा सुटतो. हिंगण्याची पायपीट अण्णांनी स्वतः पत्करली होती. ४ नोव्हेंबर १९०८ रोजी त्यांनी स्थापलेल्या निष्काम कर्ममठातही कार्यकर्ता प्रतिज्ञा घेऊन, आपण होऊन येत असे. स्वतःच्या अंगावर घेतलेले कष्ट तप होऊ शकतात. तेच कष्ट दुसऱ्याच्या माथी मारले की त्याचे तप होत नाही, मारणाऱ्याचे तर नाहीच. बंधपत्राने बांधलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला कर्व्यांचा दाखला देणारा अधिकारी अण्णांच्या त्यागावर स्वतःची बेफिकिरी झाकत असतो.

राज्याचे कर्तव्य या अंगाने पाहिले तर भारतीय विचार पुरेसा स्पष्ट आहे. नसलेले मिळवून देणे आणि मिळालेले राखणे, म्हणजेच योगक्षेम, हे गीतेच्या नवव्या अध्यायात अनन्य भक्ताला ईश्वराने दिलेले वचन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मात्र योगक्षेम साधणे हे राजदंडाचे काम ठरते. दोन्हींतला समान धागा महत्त्वाचा आहे: ज्याच्याकडे संपूर्ण निष्ठा मागितली जाते, त्याचा भार मागणाऱ्याने वाहायचा असतो. सरकार दंडाच्या धाकाने सेवा मागते, तेव्हा ते ईश्वराच्या नव्हे तरी राजाच्या जागी उभे असते. नेमणुकीच्या आदेशात रुजू होण्याची मुदत असते, पण तिथे पोचायचे कसे याबद्दल तो आदेश मुका असावा, हे या कसोटीवर उतरत नाही.

भक्तीच्या परंपरेत तर प्रवासाची आखणी आणि निरपेक्षता यांचे वैर कधी नव्हतेच. याचा सर्वांत मोठा पुरावा दरवर्षी ज्येष्ठात, आषाढी वारीच्या वाटेवर, पुण्यातून जातो. ज्ञानेश्वरांच्या पालखीला आजचे शिस्तबद्ध रूप एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी दिले. दिंड्यांचा क्रम ठरलेला, रथापुढे २७ आणि बाकीच्या मागे. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद हे मुक्काम ठरलेले, विसावे ठरलेले, तंबूंचे ट्रक आणि पाण्याचे टँकर पुढे गेलेले. संध्याकाळी मुक्कामी समाजआरतीच्या आधी चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, म्हणणे ऐकून घेतो. हरवल्या-सापडल्याची घोषणा होते, आणि मग आरती होते. वाटेतल्या गैरसोयीची दाद आरतीच्या आधी लागते, हा क्रम ज्यांनी बसवला त्यांना भक्ती आणि व्यवस्था यांचे नाते नेमके कळले होते. सेवेसाठी निघालेल्या तरुणांना टाळ वाजवत राहण्याची अशी जागा कुठल्या कार्यालयात आहे, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

एक हरकत याहून गंभीर आहे आणि तिला सहज बाजूला सारता येत नाही. ज्या रस्त्याने डॉक्टरला एकदा जायचे, त्याच रस्त्याने तिथला रुग्ण, बाळंतपणाला निघालेली बाई, आशा कार्यकर्ती वर्षभर जातात. त्यांची काळजी कोणी केली नाही. मग पुण्याच्या मुलासाठी वेगळी आखणी कशाला? या हरकतीत सत्य आहे. फक्त सेवकासाठी गाडी धाडणे आणि गावाला तसेच ठेवणे म्हणजे सेवेच्या नावाखाली आणखी एक विशेषाधिकार निर्माण करणे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष सेवकालाही धोक्यात लोटावे असा नाही. आदिवासी व डोंगरी भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्रामागे २० हजार लोकसंख्या धरलेली असते. तिथला डॉक्टर वाटेत जायबंदी झाला, किंवा दोन रात्री न झोपता पोचून ओपीडीत बसला, तर त्याची किंमत ती माणसे मोजतात. आपले शरीर राखणे हा इथे स्वार्थ उरत नाही. आणि नवख्याने तालुक्याची एसटी, तिची मुक्कामी गाडी, तिचे चुकणारे फेरे पहिल्याच आठवड्यात समजून घेतले, तर संध्याकाळी पाचनंतर रुग्ण का येत नाहीत हेही त्याला उमगते. तिथे प्रवासाची आखणी आणि कामाची तयारी एकच होतात.

प्रत्यक्ष आखणी उलटी, शेवटाकडून करावी लागते. मुक्कामाच्या गावी जाणारी शेवटची गाडी तालुक्याहून किती वाजता सुटते, हे आधी विचारायचे. ती गाठण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी कधी पोचायचे ते त्यावरून ठरते आणि पुण्याहून निघण्याची वेळ सर्वांत शेवटी. सर्वसाधारण सवय याच्या उलट आहे. कोथरूडहून वनाजची मेट्रो धरून शिवाजीनगरकडे यायचे, वाकडेवाडीला रात्रीची गाडी पकडायची आणि पुढचे पुढे पाहायचे. कित्येक जण थेट कर्वे पुतळा किंवा चांदणी चौकातून ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये चढतात. रात्रीचा प्रवास स्वस्त आणि वेळ वाचवणारा वाटतो. पण १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला येणारी खासगी बस सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर उलटून पेटली आणि २५ जण गेले. हा रस्ता नवा होता, रुंद होता. अंतर मोठे असेल तर नागपूरला एक रात्र थांबून दिवसा पुढे निघणे, दोघांनी मिळून जाणे, गाडीचा क्रमांक घरी आणि केंद्रावर कळवणे, आपत्कालीन दार कोणते ते बसताच पाहून ठेवणे, मूळ प्रमाणपत्रे सामानात न टाकता जवळ बाळगणे, एवढे प्रवाशाच्या हातात असते. त्यापलीकडचे नसते. थांबलेल्या रात्रीचा खर्च, तालुक्याच्या स्थानकावर रात्री उतरणाऱ्या मुलीसाठी सुरक्षित निवारा, रुजू होण्याच्या तारखेतली दोन दिवसांची सवड, या गोष्टी पाठवणाऱ्यानेच द्यायच्या आहेत. मुलींच्या बाबतीत ही जबाबदारी बहुधा आईवडिलांवर ढकलली जाते. बाप रजा काढून सोबत जातो आणि कागदावर सारे सुरळीत दिसते.

शेवटी न निघण्याचा प्रश्न उरतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो. आलापल्लीला अडकलेल्या नव्या डॉक्टरने काय करावे? पलीकडे रुग्ण आहेत, आदेशातली तारीख उलटते आहे. पुलावरून पाणी वाहत असताना पलीकडे जाण्याचा हट्ट गीतेच्या त्याच तामस कर्मात मोडतो, कारण त्यात आपली कुवत आणि होणारी हानी दोन्ही दृष्टीआड केलेली असतात. अशा वेळी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला कळवून, पाणी उतरेपर्यंत आलापल्लीतल्याच रुग्णालयात काम करणे हा सेवेचाच भाग धरला गेला पाहिजे, आणि ते दिवस बंधपत्राच्या वर्षात मोजले गेले पाहिजेत.