हिरवळ राखणाऱ्याच्या पाठीशी

खानदेशातला शेतकरी हरळीला वैरी मानतो. काळ्या रानात ती एकदा शिरली की नांगरली, वेचली, जाळली तरी कांड्यांतून पुन्हा फुटते. उष्ण प्रदेशांतल्या गोल्फच्या मैदानांवर मात्र हीच हरळी जिवापाड जपतात. तिच्या बारीक पानांच्या निवडक जाती चेंडू ज्या भोकात घालायचा त्याच्या भोवती लावतात आणि जेमतेम तीन-चार मिलिमीटरवर कापत राहतात. पाण्याची वेळही सांभाळावी लागते, कारण रात्रभर पाने ओली राहिली की बुरशी धरते. हे सगळे पाहणारा माणूस पहाटेच कामाला लागतो. हिरवळ चांगली असेल तेव्हा त्याची आठवण कोणाला होत नाही. ती करपली की जाब मात्र त्यालाच विचारतात.

अशा माणसांनी १९२६ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जमून आपली राष्ट्रीय संघटना उभी केली. एका मैदानावर उमगलेले दुसऱ्या मैदानावर पोचावे, हा तिचा मोठा लाभ. १९७१ पासून ती परीक्षा घेऊन प्रमाणपत्रही देते. ब्रिटनमध्ये तीन निरनिराळ्या संघटना १९८७ मध्ये एक झाल्या. तिथे सभासदाला प्रशिक्षण मिळते, मासिक मिळते आणि नोकरीत अडचण आली तर कायद्याचा सल्लाही मिळतो. मला या शेवटच्या गोष्टीचे मोल सर्वांत जास्त वाटते. गवत कसे वाढवावे हे माणूस अनुभवाने शिकेलही, पण दोष अंगावर आला की त्याला एकट्याला उभे राहता येत नाही.

धुळे जिल्ह्याला तरी असे मिळून पाठीशी उभे राहणे परके वाटू नये. साक्री तालुक्यात पांझरा नदीवर बंधारे घालून शेकडो वर्षे चालत आलेली फड पद्धत आठवा. एका फडात, म्हणजे शिवाराच्या एका भागात, सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि पाणी पाटकऱ्याने द्यायचे. शेतकऱ्याने स्वतः पाणी वळवायचे नाही, मग त्याची जमीन कितीही असो. पिकाची राखण जागल्याकडे. दोघांचा मोबदला लाभधारक मिळून धान्याच्या रूपाने देत. पाटकरी हातात फावडे घेऊन राबणारा साधा माणूस, पण चारीवर त्याचा शब्द चाले, कारण त्यामागे साऱ्या फडाची पंचमंडळी असे. कष्टाच्या कामाला मान कसा मिळवून द्यावा, याची इतकी नेटकी व्यवस्था मला दुसरीकडे क्वचितच दिसते.

क्रिकेटमध्ये अलीकडे मैदान राखणाऱ्यांकडे लक्ष गेले आहे. २०२४ च्या आयपीएलनंतर क्रिकेट मंडळाने नेहमीच्या दहा मैदानांवरच्या कर्मचाऱ्यांसाठी मैदानामागे २५ लाख आणि आणखी तीन मैदानांसाठी मैदानामागे १० लाख रुपये जाहीर केले. फार चांगले झाले. पण बक्षीस हंगाम संपल्यावर येते. सल्ला आणि आधार लागतो तो मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या घरात असताना, टँकर वेळेवर न आल्यावर. जळगाव-धुळ्याच्या शाळा-कॉलेजांच्या आणि तालुक्याच्या मैदानांवर रोलर ओढणाऱ्या, खेळपट्टीच्या काळ्या मातीला पडलेल्या भेगा बुजवणाऱ्या माणसाने तेव्हा कोणाला विचारायचे?

ठिबक आणि तुषार सिंचनाचे ज्ञान जळगावात घरचे आहे. मातीची जाण तर खेड्याखेड्यांत आहे. दोन्ही जिल्ह्यांच्या क्रीडा संघटनांनी पावसाळ्याआधी एक रविवार या माणसांसाठी राखून ठेवावा. त्यांचा येण्याजाण्याचा खर्च द्यावा, त्या दिवसाची मजुरी बुडू देऊ नये, आणि व्यासपीठावर पाहुण्यांऐवजी त्यांनाच बोलायला उभे करावे.