बिघाडाची खरी नोंद

1948 साली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या धावपट्टीवर कानपूरहून एकेक लिबरेटर विमान येऊन उतरत होते. चार इंजिनांची ही अमेरिकी बनावटीची बॉम्बफेकी विमाने युद्ध संपल्यावर कानपुरात मागे राहिली होती, तीही कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड केलेली. जेमतेम उडण्याजोगी झाली की कंपनीचे वैमानिक जिमी मुन्शी ती बंगळूरला घेऊन येत. इथले कामगार ती पुरती खोलत, तपासत, पुन्हा जोडत. अशी चाळीसएक विमाने उभी राहिली आणि भारतीय हवाई दलाने ती 1968 पर्यंत वापरली.

हा कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने डिसेंबर 1940 मध्ये काढला होता. काढला विमाने बांधण्यासाठी, पण युद्धाने त्याला दुरुस्तीला जुंपले. 1943 मध्ये तो अमेरिकी हवाई दलाचा 84 वा एअर डेपो झाला. पाण्यावर उतरणारी कॅटलिना विमाने बेलंदूरच्या तलावात उतरून दुरुस्तीला येत. आपल्या देशातल्या विमान उद्योगाचे हात बिघडलेली यंत्रे नीट करता करता तयार झाले, ही गोष्ट आपण पुरेशी सांगत नाही.

त्या काळी यंत्र सांभाळण्याची शहाणी रीत एकच मानली जाई. ठरलेले तास भरले, ठरलेले महिने उलटले की यंत्र थांबवायचे, खोलायचे, झिजलेले बदलायचे. बिघडल्यावर धावण्यापेक्षा ही रीत कितीतरी पुढची होती. वाफेच्या बॉयलरचे स्फोट होऊन माणसे मरत तेव्हा दरवर्षी तपासणी सक्तीची करण्याचा विचार पुढे आला आणि 1923 च्या भारतीय बॉयलर कायद्याने तो पक्का केला. मुंबईच्या गिरण्यांपासून साखर कारखान्यांपर्यंत साऱ्यांनी ही शिस्त अंगी बाणवली. साखर कारखान्यात गाळप संपले की पुढचे काही महिने सगळी यंत्रे खोलून ठेवतात, ती याच विचाराची पद्धत आहे. यंत्र जसे वापरावे तसे झिजते, झिजले की मोडते, म्हणून मोडायच्या आधी उघडून पाहावे. यात खोट काढायला जागा कुठे आहे?

ती जागा एका जीवशास्त्रज्ञाला दिसली, आणि दिसली ती याच लिबरेटर विमानांत. ब्रिटिश हवाई दलाची लिबरेटर अटलांटिकवर जर्मन पाणबुड्या शोधत फिरत आणि दर 50 उड्डाणतासांनी त्यांची ठरलेली तपासणी होई. सी. एच. वॉडिंग्टन हे आनुवंशशास्त्रातले संशोधक. युद्धकाळात ते आणि त्यांचे सहकारी या विमानांच्या दुरुस्तीच्या नोंदी घेऊन बसले. तपासणीनंतर किती तासांनी किती अचानक बिघाड निघाले, एवढेच त्यांनी मांडून पाहिले. तपासणीनंतर बिघाड कमी व्हावेत आणि पुढच्या तपासणीपर्यंत हळूहळू वाढावेत, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. घडले उलटे. तपासणी होऊन विमान बाहेर पडले की लगेच बिघाड सर्वात जास्त, आणि जसे तास जात तसे ते कमी होत. तपासणीच विमाने बिघडवत होती! तपासण्यांतले अंतर वाढवले, अनावश्यक कामे गाळली, आणि त्याच विमानांचे उड्डाणतास सुमारे 60 टक्क्यांनी वाढले.

असे का होते, ते कुठल्याही पंपाच्या ओव्हरहॉलला उभे राहिले की कळते. चांगला चालणारा पंप केवळ तारीख आली म्हणून उघडला जातो. कपलिंग सुटते, बेअरिंग निघते, सील निघते. वर्षभर एकमेकांत बसलेले भाग वेगळे होतात. जोडताना मोटर आणि पंप यांचे दांडे एका रेषेत बसवायचे असतात. डायल लावून, मोटरच्या पायाखाली पातळ पत्र्याच्या पट्ट्या घालत, बोल्ट आवळत, पुन्हा डायल पाहत. शिफ्ट संपत आलेली असते, प्रॉडक्शनवाले दोनदा विचारून गेलेले असतात. केसाएवढा फरक राहतो आणि ‘चालेल’ म्हणून पंप सुरू होतो. नवे बेअरिंग हातोडीने ठोकून बसवलेले असते किंवा त्यात ग्रीस गरजेपेक्षा जास्त भरलेले असते, आणि जास्तीच्या ग्रीसने बेअरिंग तापते हे पुष्कळांना ठाऊकही नसते. तीन आठवड्यांनी पंप थरथरू लागतो. मग दोष बेअरिंगच्या कंपनीला.

वॉडिंग्टन यांचे काम युद्धकाळात गुप्त होते आणि त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले ते 1973 मध्ये. त्यामुळे जगाला हा धडा दुसऱ्यांदा, वेगळ्या वाटेने शिकावा लागला. 1960 च्या सुमारास अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकांच्या लक्षात आले की काही इंजिनांची ओव्हरहॉलची मुदत कितीही बदलली तरी बिघाडांचे प्रमाण हलत नाही. त्यांनी विमान कंपन्यांबरोबर अभ्यास सुरू केला. त्यातून 1968 मध्ये बोइंग 747 साठी देखभालीची नवी आखणी तयार झाली, आणि 1978 मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅन्ली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी तो अहवाल लिहिला, ज्यावर आजचे विश्वासार्हतेवर आधारलेले देखभालीचे शास्त्र उभे आहे. त्यांनी पाहिलेल्या विमानाच्या भागांपैकी अवघे 11 टक्के भाग वय वाढल्यामुळे बिघडण्याकडे झुकत होते. उरलेल्या 89 टक्क्यांना वयाची मुदत लावून काहीच फायदा नव्हता, आणि 68 टक्के भाग तर नवे बसवल्यावर सुरुवातीलाच जास्त बिघडत. जुन्या पद्धतीने आखलेल्या डीसी-8 विमानात मुदतीने ओव्हरहॉल करायचे 339 भाग होते. नव्या विचाराने आखलेल्या डीसी-10 मध्ये ते 7 उरले.

हे आकडे विमानाचे आहेत, हे विसरून चालत नाही. भट्टीच्या आतली वीट झिजते, गाळाच्या पाण्यात फिरणारे पंपाचे पाते झिजते, कन्व्हेअरचा पट्टा झिजतो. तिथे कॅलेंडर अजूनही खरे आहे. नोलन आणि हीप यांची मोठी देणगी टक्केवारीपेक्षा त्यांनी विचारलेल्या प्रश्नात आहे. हा भाग बिघडला तर नेमके काय होईल? यंत्र केव्हा बिघडेल या जुन्या प्रश्नाआधी त्यांनी हा प्रश्न ठेवला.

बंगळूरकर या प्रश्नाचे उत्तर रोज पितात. 1974 पासून कावेरीचे पाणी या शहरात येते ते सुमारे 100 किलोमीटरवरून, तोरेकाडनहळ्ळी, हारोहळ्ळी आणि तातगुणी अशा तीन टप्प्यांत पंपांनी जवळपास 500 मीटर वर चढवून. ऑक्टोबर 2024 मध्ये योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला आणि त्याने दिवसाला आणखी 77 कोटी 50 लाख लिटर पाण्याची सोय केली. पंपांच्या रांगेतला एक पंप बंद पडला आणि जोडीला राखीव पंप तयार असला, तर शहराला कळणारही नाही. तोच बिघाड मुख्य जलवाहिनीत किंवा वीजपुरवठ्यात झाला तर लाखो घरांचे नळ कोरडे. म्हणून अधूनमधून ‘देखभालीसाठी पाणीपुरवठा बंद’ अशी सूचना येते, आणि लोक कुरकुरतात. मला ती सूचना वाचून बरे वाटते. आधी तारीख सांगून बंद राहणारा पंप हा मध्यरात्री न सांगता बंद पडणाऱ्या पंपापेक्षा केव्हाही चांगला.

नोलन आणि हीप यांच्या अहवालात आणखी एका प्रकारच्या बिघाडाला वेगळे स्थान दिले होते: जो झाल्याचे कोणाला कळतच नाही. आग लागल्यावर चालायचा पंप, दाब वाढल्यावर उघडायचा व्हॉल्व्ह, बंद पडल्या मोटरच्या जागी सुरू व्हायची राखीव मोटर. ही यंत्रे एरवी गप्पच असतात, त्यामुळे मेलेली असली तरी जिवंत दिसतात. अहवालानंतर सहा वर्षांनी, 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री, भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट बाहेर पडले. या रसायनाच्या टाक्या थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासून बंद होती. निसटलेला वायू जाळून टाकणाऱ्या मशालीकडे जाणारा नळ गंजला म्हणून काढून ठेवला होता. त्या रात्रीपर्यंत यातल्या कशानेही उत्पादन थांबले नव्हते, म्हणून या गोष्टी मागे पडत राहिल्या. देखभालीचा खर्च आधी कुठून कापतात, हे ज्याने कुठल्याही कारखान्यात पाहिले आहे त्याला हे वाचून अंगावर काटा येतो.

हे सारे झाले इंजिनिअरांच्या टेबलावर. यंत्रापाशी उभा असलेला माणूस या विचारात आला तो जपानमुळे. टोयोटाच्या गटातल्या निप्पॉनडेन्सो कंपनीने 1960 च्या दशकात पाहिले की यंत्रे जास्त स्वयंचलित झाली तशी देखभाल खात्याची माणसे कमी पडू लागली. त्यांनी रोजची साफसफाई, तेलपाणी, बोल्ट आवळणे आणि पहिली तपासणी यंत्र चालवणाऱ्याकडेच दिली. सेइइची नाकाजिमा यांनी या पद्धतीची मांडणी केली आणि 1971 मध्ये निप्पॉनडेन्सोला त्याबद्दल जपानमधला पुरस्कार मिळाला. यंत्र पुसणारा हात गळणारे तेल सर्वात आधी ओळखतो, हे तिचे मर्म. टोयोटा आणि किर्लोस्करांनी बंगळूरजवळ बिडदीला कारखाना काढला तेव्हा ही शिस्त कर्नाटकात पक्की रुजली. कर्नाटकातल्या वर्कशॉपमध्ये आयुधपूजेला आणि आपल्याकडे खंडेनवमीला लेथ घासूनपुसून लखलखीत होतो, हळदकुंकू लागते. त्या सफाईत तडा गेलेली केबल सापडते, निखळलेला गार्ड सापडतो. जपान्यांनी ती खंडेनवमी रोजची केली.

आता बंगळूरमध्ये या विचाराचा पुढचा टप्पा चालू आहे. यंत्राला सेन्सर लावायचा, त्याची थरथर, तापमान, विजेचा प्रवाह सतत मोजायचा, आणि बेअरिंग बिघडण्याच्या कितीतरी दिवस आधी संगणकाने सांगायचे. स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानाला लावून जुना फिटर जे ऐकत असे, तेच आता कित्येक पटींनी बारकाईने ऐकता येते. याबद्दल मला कौतुक आहे आणि काळजीही. संगणकाला शिकवायचे कशावरून? कारखान्याच्या मागच्या नोंदींवरून. आणि त्या नोंदी कशा असतात? ‘पंप बंद. दुरुस्त केला. ओके.’ काय बिघडले, का बिघडले, काय सापडले, यांचे रकाने रिकामे. बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी यंत्रावर लटकवलेली महिन्याची चेकशीट पाहिली. तीसच्या तीस दिवसांच्या टिकमार्का एकाच पेनाच्या, एकाच हाताच्या, एकाच तिरकेपणाच्या होत्या. त्यांत रविवारही होते, आणि वर्कशॉप रविवारी बंद असते.

त्या टिकमार्का करणाऱ्या मुलाला मी दोष देत नाही. ज्या दिवशी तो ‘आवाज येतो आहे’ असे लिहील त्या दिवशी यंत्र थांबेल, उत्पादन घटेल आणि सुपरवायझर विचारील की आजच कशाला लिहिलेस. टिकमार्क करणे सोपे आहे, आणि आपण ते सोपे करून ठेवले आहे. वॉडिंग्टन यांना तपासणीचे दुखणे सापडले, कारण हवाई दलाच्या फिटरांनी प्रत्येक बिघाड लिहून ठेवला होता, तपासणी होऊन लगेच निघालेलासुद्धा, म्हणजे आपल्याच हातून झालेला असू शकेल असा. नोलन आणि हीप यांचे आकडे विमान कंपन्यांच्या वर्षानुवर्षांच्या बिघाडनोंदींतून आले. या विचाराची दोन्ही मोठी वळणे गणिताआधी प्रामाणिक लॉगबुकवर उभी आहेत. तो आधार नसेल तर लाखोंचे सेन्सर लावून आपण जुनेच अंधारे यंत्र नव्या पडद्यावर पाहू.

कारखाना चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या शटडाऊनआधी कामांच्या यादीतली प्रत्येक ओळ घ्या आणि ती कोणता बिघाड टाळण्यासाठी आहे, हे फिटरला आणि यंत्र चालवणाऱ्याला विचारा. ज्या ओळीचे उत्तर कोणालाच देता येत नाही ती खोडा, आणि वाचलेला वेळ त्या गप्प बसलेल्या राखीव पंपांची आणि व्हॉल्व्हची चाचणी घेण्यात घाला. आणि चेकशीटवर पहिल्यांदा ‘आवाज येतो आहे’ असे लिहिणाऱ्याला त्या दिवशी कोणी रागावणार नाही, एवढे पाहा.