टेपखालचा जोड

कुणाला कधीच दिसणार नाही असं काम नीट का करायचं?

प्रश्न शाळेतल्या निबंधासारखा वाटतो. त्याचं उत्तरही आपल्याला शाळेतच देऊन ठेवलेलं असतं: प्रामाणिकपणा हेच सर्वोत्तम धोरण. पण धोरण म्हणजे शेवटी फायद्याचा हिशेब. जिथे नीट काम करून काही मिळणार नाही आणि वाईट काम करून पकडलं जायची भीती नाही, तिथे हे उत्तर गप्प बसतं.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये ग्लॉकन नेमका हाच पेच टाकतो. लिडियातल्या एका मेंढपाळाला अंगठी सापडते. तिचा खडा आतल्या बाजूला फिरवला की तो अदृश्य होतो. ग्लॉकनचं म्हणणं असं, की अशी अंगठी मिळाली तर सज्जन आणि दुर्जन यांच्यात फरक उरणार नाही. माणूस चांगला वागतो, कारण तो दिसत असतो.

अशी अंगठी तुमच्या-माझ्याकडे नाही. पण जुन्या मोटरसायकलच्या हेडलाईटचा डूम ही बऱ्यापैकी तशीच जागा आहे. बाहेरून क्रोमची रिंग चकचकीत, आत तारांचं जंजाळ. रिंग बसवली, स्क्रू आवळला, की आत काम करणारा अदृश्य.

माझ्याकडे मामांची येझदी होती. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीत या गाड्या बनायच्या. आधी त्या ‘जावा’ नावाने विकल्या गेल्या, 1973 पासून ‘येझदी’ नावाने, आणि 1996 मध्ये कारखाना बंद झाला. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी अशी प्रत्येक जुनी गाडी कुणाच्या ना कुणाच्या हातून दुरुस्त होत इथवर आलेली आहे. आमच्या गाडीला मामांच्या आधी दोन मालक होते. मेकॅनिक किती झाले, याचा हिशेब नाही.

गाडीची तक्रार अशी: सकाळी दुसऱ्या कीकला सुरू व्हायची, दिवसा ठीक चालायची. रात्री हेडलाईट लावला की थोड्या वेळाने फटफट करत मिसफायर द्यायची आणि दिवा पिवळा पडायचा. पॉइंट घासून झाले, कंडेन्सर बदलून झाला, नवीन प्लग आला, मग नवीन कॉईलही आली. तक्रार तशीच.

या गाडीचं इग्निशन तसं साधं आहे. बॅटरीतून निघालेला करंट चावीच्या स्विचमधून इग्निशन कॉईलच्या पहिल्या गुंडाळीत जातो आणि तिथून पॉइंटमधून गाडीच्या बॉडीत. पॉइंट उघडले की करंट तुटतो, कॉईलमधलं चुंबकत्व एकदम कोसळतं आणि बारीक तारेच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट तयार होतात. तीच प्लगवरची ठिणगी. पॉइंटच्या तोंडाशीच ठिणगी उडून वाया जाऊ नये, म्हणून कंडेन्सर. टू-स्ट्रोक सिंगल सिलिंडर इंजिन 3000 आरपीएमवर असेल तर हे सगळं सेकंदाला 50 वेळा घडतं. कॉईलला पुरेसा करंट मिळाला नाही, तर ठिणगी अशक्त.

मीटर लावून पाहिलं. बॅटरीवर 6 व्होल्ट, कॉईलपाशीही 6 व्होल्ट. सगळं ठीक! आणि फसवणूक इथेच होती. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. तारेच्या वीस धाग्यांपैकी एकच शिल्लक असला, तरी मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसतं. म्हणून तार भार वाहत असताना मोजायची असते. पॉइंट मिटलेले, चावी चालू, हेडलाईट चालू, आणि मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर तर दुसरं कॉईलच्या प्लसवर. वाट चांगली असेल तर आकडा शून्याच्या जवळपास येतो. इथे तो एक व्होल्टच्या वर गेला.

एक व्होल्ट म्हणजे किती? 12 व्होल्टच्या गाडीत बारावा हिस्सा, पण या गाडीत सहावा. वर 35 वॅटचा बल्ब 6 व्होल्टवर जवळपास 6 अँपिअर ओढतो. वाटेतल्या जोडात 0.2 ओहमचा अडथळा असला, तरी एवढ्या करंटला एक व्होल्ट तिथेच संपतो आणि त्याची उष्णता होते.

डूम उघडला. आत लाल तार, तिला लाल तार जोडलेली, तिला आणखी एक लाल तार. मूळ रंग कुठेच नाहीत. काळ्या टेपचा एक गोळा सोलला तर आत नुसता पीळ दिलेला जोड निघाला, तांबं हिरवं पडलेलं, टेपचा गोंद वितळून काळा झालेला. पुढे फ्यूजच्या जागी सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. फ्यूजचं काम आधी स्वतः जळण्याचं. चांदीमुळे आधी तार जळली असती, आणि ती तार पेट्रोलच्या टाकीखालून जात होती. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो हाच.

मला राग आला. कुणाचा, ते माहीत नव्हतं. ज्याचं नाव, गाव, चेहरा ठाऊक नाही, अशा माणसाचा राग आला. गल्लीतले गॅरेजवाले काका शेजारीच एका स्कूटरचं चाक खोलत होते. मी म्हणालो, “काका, असला जोड कोण करतं हो?”

त्यांनी वाकून बघितलं. “त्याचं नाव विचारून काय करतोस? घरी पोचायचं असंल कुणाला तरी.”

या एका वाक्याने माझा राग अर्धा झाला. खरंच, पाऊस असेल, रात्र असेल, घाट असेल. मागे बायको-पोरं बसली असतील. सोल्डर नाही, स्लीव्ह नाही, फ्यूज नाही. अशा वेळी पिळलेला जोड आणि पाकिटातली चांदी म्हणजे माणूस घरी नेणारी युक्ती. जुगाड हा शब्द आपण हल्ली एक तर कौतुकाने वापरतो, नाही तर तुच्छतेने. दोन्ही वेळा विचार करायचं टाळतो. रॉबर्ट पर्सिगच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ या 1974 च्या पुस्तकात निवेदक मित्राच्या महागड्या बीएमडब्ल्यूचं सैल हँडल घट्ट करायला बिअरच्या कॅनचा पत्रा सुचवतो. मित्राला तो गाडीचा अपमान वाटतो. पण तांत्रिकदृष्ट्या तो पत्रा त्या कामाला अगदी योग्य असतो. म्हणजे साधं सामान वापरणं हा काही गुन्हा नाही.

मग चूक नेमकी कुठे होती? मला वाटतं, दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रीचा जोड ही तात्पुरती सोय होती. तात्पुरत्या सोयीत एक न बोललेला शब्द दिलेला असतो: हे मी परत येऊन नीट करीन, निदान दुसऱ्याला सांगीन. तो शब्द मोडला, वर टेप गुंडाळली, आणि तात्पुरतं होतं ते कायमचं असल्यासारखं दिसू लागलं. जुगाडाची लबाडी तिथे झाली.

याच डूममध्ये आणखी एक जोड होता. हॉर्नच्या तारेवरचा, डाक लावून केलेला, वर स्लीव्ह चढवलेली. शेजारी कापडी टेपचा तुकडा, त्यावर बॉलपेनने पुसट अक्षरात लिहिलेलं: ‘हॉर्न’. हाही कुणी अनोळखीच. त्याने त्या तुकड्याचे वेगळे पैसे घेतले नसणार. गिऱ्हाइकाने तो पाहिलाही नसणार. तो तुकडा फक्त पुढच्या माणसासाठी होता, म्हणजे त्या दिवशी माझ्यासाठी.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. झाकलेलं काम नीट करण्याची कारणं साधारण तीन दिली जातात. पहिलं, देव बघतो. आमची आजी हेच म्हणायची. पण यात बघणारा बदलला, प्रश्न तोच राहिला. ग्लॉकन म्हणेल, म्हणजे तुम्ही अदृश्य झालाच नाहीत. दुसरं, कधी तरी अंगाशी येतं. हे नेहमी खरं नसतं. आमच्या गाडीतला जोड ज्याने केला, त्याच्या अंगाशी काहीच आलं नाही. तो सुखाने घरी असेल. परिणाम दुसऱ्याच्या वाट्याला आले.

तिसरं कारण मला पटतं, आणि ते त्या रागातून आणि त्या कापडी तुकड्यातून मिळालं. जो माझ्याशी कधी बोलला नाही, ज्याने मला कसलं वचन दिलं नाही, त्याच्यावर मी रागावलो. दुसऱ्या अनोळख्याचे मनात आभार मानले. या दोन्ही भावनांना काही अर्थ असेल, तर त्यांचं माझ्याशी काही देणं होतं असंच मी मानत होतो. आणि त्यांचं माझ्याशी होतं, तर माझंही माझ्यानंतर डूम उघडणाऱ्याशी आहे. हे नातं करारावर उभं नाही. एकाच तारेला आळीपाळीने हात लावणाऱ्यांचं हे नातं आहे. ग्लॉकनच्या गोष्टीत पाहणारे सगळे त्याच क्षणी हजर असतात. पुढून येणारा माणूस त्याच्या हिशेबात नाही.

हे बोलायला सोपं. गेल्या वर्षी गाडी विकायची वेळ आली तेव्हा त्याची किंमत कळली. घ्यायला आलेला मुलगा कॉलेजातला होता. त्याने टाकीचा रंग पाहिला, सायलेन्सरचा आवाज ऐकला, आणि जाता जाता विचारलं, “वायरिंग ओके ना, दादा?” डूममधलं सगळं मी नवीन केलं होतं, फ्यूजही बसवला होता. पण टाकीखालून मागच्या दिव्याकडे जाणारी जुनी तार तशीच होती. चालत होती. ‘हो’ म्हटलं असतं तर ते पूर्ण खोटं नव्हतं, मीटरवर दिसणाऱ्या त्या 6 व्होल्टसारखं. मी तार दाखवली. त्याने तीन हजार कमी केले. मला ते टोचलं, अजूनही थोडं टोचतं.

यातून मी संतपदाला पोचलो नाही. सगळंच परिपूर्ण करा, असंही मला म्हणायचं नाही. वेळ, पैसा, सामान कुणाकडे सगळंच पुरेसं नसतं, आणि कधी कधी पिळलेला जोडच करावा लागतो. कमीत कमी एवढं करता येतं की त्यावर खूण ठेवावी. ऑफिसच्या एक्सेलमध्ये घाईत टाकलेला आकडा असेल, कोडमधला ‘सध्या चालू दे’ असेल, प्लास्टरआड गेलेली घराची वायर असेल, रात्रपाळीच्या नर्सने सकाळच्या नर्सला दिलेली नोंद असेल. ‘हे तात्पुरतं आहे, इथे बघ’ एवढं लिहायला बॉलपेन पुरतं.

गाडीच्या टूलबॉक्समध्ये मी वहीच्या पानावर काढलेली वायरिंगची आकृती घालून दिली. जुनी तार त्यात तुटक रेषेने दाखवली आहे. त्या मुलाने ते पान उघडलं की नाही, मला ठाऊक नाही. पान त्याच्यासाठी आहे, किंवा त्याच्याही नंतरच्या कुणासाठी.