सातावरचे नाव, बारावरचे पीक

लातूर-नांदेडकडील वासनिकांस जमिनीची परिभाषा शिकवावी लागत नाही. तीच परमार्गास लावून पाहिली असता अधिकार आणि आचार यांतील भेद चटकन उमगतो.

गाव नमुना सात हा अधिकार-अभिलेख. त्यावर खातेदाराचे नाव, क्षेत्र व आकार असतो; बाप निवर्तल्यावर फेरफार होऊन मुलाचे नाव लागते. नमुना बारा हे पीकपत्रक. त्यास वारसा नाही. कोणत्या हंगामात काय पेरले, हे दरसाल नव्याने लिहावे लागते. उपदेशी घरात जन्म होणे, आजोबांचे गुरुकुळ सांगता येणे, ही सातावरची नोंद झाली. स्मरण, अहिंसा, अनन्यता यांचे पीक ज्याचे त्यानेच काढावयाचे. पूर्वी ही पाहणी तलाठी करीत असे. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली आणि शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र द्यावयाचे ठरले. आचाराची पाहणी तर पहिल्यापासून अशीच आहे. ती महंतांवर सोपविता येत नाही.

न पेरलेल्या जमिनीस पड म्हणतात. चालू पड आणि कायम पड यांत अंतर फार नसते. काळी जमीन ओली असता औत चालत नाही, वाळली की भेगाळते. मधला वाफसा थोड्या दिवसांचा. स्मरण म्हातारपणावर टाकणाऱ्याचा वाफसा असाच निघून जातो.

सर्वांत नाजूक शब्द पोटखराबा. तो खात्याच्या क्षेत्रात मोजला जातो, परंतु तेथे पीक येत नाही. पुष्कळ उपदेशी घरांत असा तुकडा राहून गेला आहे. लातूरकडे मार्गशीर्ष अमावास्येस येळवस होते. कडब्याची कोप उभारून आत पाच पांडवांचे दगड पूजितात. 'एक दिवसाची रीत, शेजारी काय म्हणतील?' असे म्हणून उपदेशीही तेथे नारळ फोडतो. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी देवता आणि परमेश्वर हे भिन्न पदार्थ निरूपिले. देवताफळ नाशिवंत, मोक्षदाता एक परमेश्वरच. हे जाणून केलेली पूजा अजाणत्याच्या पूजेहून अधिक बाधते. आंबील-भज्जी शेजाऱ्यांस प्रेमाने वाढावी, त्यांच्या पंक्तीस बसावे. कोणाच्या श्रद्धेची टवाळी करू नये. त्या दिवशीचा विडावसर मात्र आपल्या देवपूजेपुढेच व्हावा, आणि कोपीपुढे नारळ का नाही, हे मुलाने विचारल्यास त्याला नीट सांगावे.